बांडगुळाचा अर्क

सुई टोचून घेण्याआधी आबांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "हे कशापासून केलंय?"

"एका परोपजीवी जंतापासून. दुसऱ्याच्या जिवावर फुकट जगणारा जीव. त्याचा अर्क टोचला, की शरीर चवताळून उठतं आणि त्या भरात कॅन्सरवरही तुटून पडेल, अशी आशा आहे. प्रयोगच आहे हा."

"म्हणजे बांडगूळच की!" आबा बोलून गेले आणि चपापले.

आपल्या घरजावयाला ते चारचौघांत याच नावाने हाक मारत आले होते. आज तोच उलटीचं भांडं धरून उशाशी उभा होता, मान खाली घालून.

आबांनी बाही वर सारली. दुसऱ्या हाताने जावयाचं मनगट धरलं.

"टोचा, बाई. आजारी पडल्यापासून मी बांडगुळाच्याच जिवावर जगतोय."