एकतीसचे एकाहत्तर

केशवने टर्मिनलवर दोन ओळी टाइप केल्या आणि पडद्यावर संचालक गोपाळरावांचा मशीन उघडायचा गुप्त शब्द उमटला. ते त्यांच्या नातवाचं लाडाचं नाव होतं. त्याखाली इंदुताईंचा शब्द, त्याखाली कचेरीतल्या उरलेल्या साऱ्यांचे. गोपाळराव खुर्चीत ताठ झाले.

दारापाशी उभ्या असलेल्या कारकून इंदुताईंच्या जिवात जीव आला. "पाहिलं न साहेब? माह्या नावानं कोणीबी घुसू शकते."

पंधरा दिवस त्या ह्याच एका गोष्टीसाठी तळमळत होत्या. परीक्षा परिषदेच्या शिक्षक परीक्षेत एका उमेदवाराचे एकतीस गुण परस्पर एकाहत्तर झाले होते. परीक्षकाकडे राहून गेलेल्या गुणांच्या एका चिठ्ठीमुळे ते उघडकीला आलं, आणि बदल करणाऱ्याच्या रकान्यात मशीनने इंदुताईंचं नाव छापलं. त्यांनी शपथा घेतल्या, त्या रडल्या. पण कॉम्प्युटर आल्यापासून कचेरीत माणसाच्या शपथेला भाव उरला नव्हता. थंड खोलीत चपला काढून जायचं, दसऱ्याला त्याला हार घालायचा, आणि तो म्हणेल ती पूर्व दिशा. कबुलीचा कागद टाइप होऊन टेबलावर पडला होता. इंदुताईंची सही तेवढी बाकी होती.

शेवटी त्यांनी हातापाया पडून कंपनीच्या इंजिनिअरला, म्हणजे ह्या केशवला, बोलावून घ्यायला लावलं होतं. त्याने आडपडदा ठेवला नाही. ह्या जुन्या मशीनमध्ये सगळ्यांचे गुप्त शब्द एकाच फाइलमध्ये उघडे असतात, म्हणाला. दारांना कुलपं आहेत, पण किल्ल्या ओसरीवर टांगलेल्या. मशीनला नाव कळतं, माणूस कळत नाही. दुरुस्तीची टेप मुंबईहून यायची आहे.

गोपाळरावांनी विचारलं, असे आणखी किती जणांचे गुण बदलले असतील? केशव म्हणाला, ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. उत्तरपत्रिका तर केव्हाच रद्दीत गेल्या होत्या.

गोपाळरावांनी केशवला चहाला पाठवलं आणि दार लोटून घेतलं. माणूस वाईट नव्हता. निकाल लागला तेव्हा इंदुताईंनी सगळ्या कचेरीत पेढे वाटले होते, तर ह्यांनी दोन मागून खाल्ले होते. इंदुताईंची भाची देवकी ह्याच परीक्षेत पास झाली होती. भिवापूरला मिरच्यांचे देठ खुडून खुडून तिच्या आईच्या हातांची आग आग व्हायची. त्या घरात आता मास्तरीण होणार होती.

"इंदुताई, हे खरं मानलं तर नऊ हजार पोरायचे निकाल रद्द करा लागतात," गोपाळराव हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही केलं असं मानलं, तर एकाचाच."

"अन् माहं काय, साहेब?"

गोपाळरावांनी नजर टेबलाकडे वळवली. इंदुताईंना फार राग आला, पण तो काढायचा कुणावर तेच कळेना. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच. फक्त इथे फाशी देणाऱ्याचेही डोळे भरून आले होते.

मग टेबलाकडेच पाहत गोपाळरावांनी विचारलं, "तुमची देवकी रुजू झाली न शाळेवर?"

इंदुताईंनी कागद पुढ्यात ओढला आणि सही कुठे करायची ते विचारलं.