शेवटच्यामागचा उजेड

“तुम्ही जा रे घरी, मी येते माझी हळूहळू!” विजयाताईंनी मागून येणाऱ्या बॅटरीवाल्या स्वयंसेवकांना तिसऱ्यांदा दटावलं. कुणी ऐकेना.

मुलींच्या वसतिगृहाच्या छपरासाठी ही रात्रीची दौड ताईंनीच महिनाभर खपून उभी केली होती. चौकाचौकात स्वयंसेवक नेमून नियम बजावला होता: शेवटचा धावपटू पुढे गेला की चौक सोडायचा आणि त्याच्या मागून चालायचं, अंधारात कुणी एकटं पडता कामा नये. आयत्या वेळी मुलींनी गळ घातली म्हणून साठीच्या ताई स्वतःच धावायला उतरल्या आणि सगळ्यांच्या मागे पडल्या. गुडघा ठणकत होता. मधल्या बोळातून गुपचूप घर गाठावं, असं वाटत होतं.

“अरे, माझ्यापायी तुमची जेवणं खोळंबली.”

“नियम तुमचाच आहे, ताई,” पहिल्या चौकापासून सोबत असलेला रिक्षावाला इलियास म्हणाला.

ताईंना हसू फुटलं. बोळ मागे टाकून त्या वसतिगृहाच्या फाटकाशी पोचल्या, तेव्हा पाठीशी अकरा चौकांच्या अकरा बॅटऱ्या होत्या. एवढा उजेड बघून सर्वांत धाकटी मुलगी धावत आली. “ताई, तुम्ही पहिल्या आलात?”

“छे गं,” ताई ऐटीत म्हणाल्या, “शेवटची!”