हात थांबला ती जागा

सकाळचं ऊन तपासणीच्या खोलीत घाई न करता उतरत होतं. आधी ते खिडकीच्या दुधी काचेत अडलं, मग पडद्याच्या कडेवरून हलकेच घसरलं, वजनकाट्याच्या तबकडीवर क्षणभर रेंगाळलं आणि शेवटी आईच्या मांडीवर, एकमेकांत गुंफलेल्या तिच्या हातांवर येऊन बसलं. तरुण डॉक्टर त्या उन्हाकडे पाहत होता. हातांकडे पाहणं तो टाळत होता. आज तो टेबलाच्या अलीकडे, नातेवाइकांच्या स्टुलावर होता.

पलीकडे मॅडम होत्या. रुग्णाला कसं विचारावं, हे त्यांनीच त्याला शिकवलं होतं: एक प्रश्न विचारा, आणि मग स्वतःच्या तोंडाला कुलूप लावा.

"बोला ताई, काय होतंय?"

"अपचन," उत्तर त्याने दिलं. "जेवल्यावर जडपणा. उलटी नाही, ताप नाही. वजन आहे तसंच. गॅसच असणार, मॅडम. तुम्ही फक्त एकदा तसं म्हणालात, की..."

"डॉक्टर, पेशंट कोण आहे?"

आई हसली. "लहानपणी पाहुण्यांसमोर याच्या तोंडून शब्द फुटत नसे. आता माझ्याही वाटणीचं हाच बोलतो."

मॅडमही हसल्या, पण पेन त्यांनी उचललं नाही. "तुम्ही सांगा," म्हणाल्या, आणि गप्प बसल्या.

ती शांतता त्याला सोसवेना. "आई, रात्री दुखत नाही ना? भूक लागते ना?" घरीही तो रोज असंच विचारत असे, उत्तर आधीच तिच्या ओंजळीत ठेवून, आणि ती ते मुकाट परत करत असे.

मॅडमनी त्याच्याकडे न पाहताच हात वर केला. मग आईच्या मनगटाकडे बोट दाखवलं. "घड्याळाच्या पट्ट्याला हे भोक कुणी पाडलं?"

"मीच. दाभण तापवून. सारखं कोपरापर्यंत जायचं." आईने पट्टा जरासा फिरवला. "आणि हे दुसरं भोक त्यानंतरचं."

"मुलाला सांगितलं नाहीत?"

"विचारताना त्याचा चेहरा बघा एकदा. नाही म्हटलं, की बिचाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. मग मी नाहीच म्हणते."

"पोट कुणी तपासलं होतं?"

"यानेच, मागल्या महिन्यात." आईने हात उजव्या बरगडीखाली नेला. "इथे याचा हात आला आणि थांबला. बराच वेळ. मग हा म्हणाला, गॅस आहे, आई."

मॅडमनी मान त्याच्याकडे वळवली. "हाताला काय लागलं?"

एवढंच. पुढे त्या काही बोलल्या नाहीत. महिनाभर ज्या शब्दांच्या काठ्या टेकत तो चालला होता, त्यांतली एकही आता हाताशी येईना. ऊन त्याच्या बोटांवर आलं होतं. परीक्षेला निघालेल्या मुलाकडे पाहावं, तशी आई त्याच्याकडे पाहत होती.

"गाठ होती, मॅडम," तो म्हणाला.