शेवटचा नंबर

“हातात हात दिला म्हणजे नंबर दिला असं नसतं, पोरी,” असं डेस तिला पहिल्या निवडणुकीत म्हणाला होता. ब्रॉन्विननं ते हसण्यावारी नेलं. मग हात मिळवणाऱ्यांनीच तिला आपापल्या यादीत तळाला टाकलं आणि विधिमंडळाच्या वरच्या सभागृहाच्या दारातून ती परत फिरली. तेव्हापासून ती हातांकडे बघत नाही, डोळ्यांकडे बघते.

आणि आज डोळे दिसतच नव्हते. थेल्माचा फोनच लागत नव्हता.

“परत लाव,” डेस म्हणाला.

“लावला. बंद आहे. आणि जाऊन यायला वेळ नाही.”

रविवारची सकाळ सरत आली होती. बाराच्या आत प्रत्येक पक्षाचे नंबर, म्हणजे इतर उमेदवारांची पसंतीच्या क्रमानं लावलेली यादी, निवडणूक कार्यालयाकडे पोचायला हवे होते. त्यानंतर काना-मात्राही बदलत नाही. ब्रॉन्विनच्या ‘नदीला पाणी’ पक्षाचं मुख्यालय म्हणजे तिचं, सगळ्यांच्या ब्रॉनचं, स्वयंपाकघर. टेबलावर लॅपटॉप, शेजारी तिच्या लेकीनं, टिलीनं, सकाळी चावून टाकलेला टोस्ट, आणि समोर चहात बिस्किट बुडवत बसलेला डेस, पक्षाचा म्हातारा सचिव.

लहान पक्ष निव्वळ स्वतःच्या मतांवर कधी निवडून येत नाही. मोजणीत एखादा उमेदवार बाद झाला की त्याची मतं त्यानं लिहून दिलेल्या पुढच्या नंबराला जातात. म्हणून शेवटच्या दिवसांत सगळे एकमेकांना फोन करतात, गोड बोलतात आणि खोटं बोलतात. थेल्माशी मात्र फोनवर काही ठरलं नव्हतं. ती ‘खेड्यातले दवाखाने’ पक्षाची उमेदवार, निवृत्त नर्स, ओमिओ गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एकटी राहणारी. कोंबड्यांना दाणे टाकता टाकता ती म्हणाली होती, “मी आधी पडले तर माझी मतं तुला. तू पडलीस तर तुझी मला. ठरलं?” ठरलं होतं.

“परवा बेकरीत बसली होती,” डेस म्हणाला. “गॅरी स्टबिंग्जबरोबर. एका बशीत केक.”

मच्छीमारांच्या पक्षाचा गॅरी. मागच्या वेळी सगळ्यात जोरात हात दाबला होता तो त्यानंच.

“थेल्माला केक आवडतो.”

“गॅरीला आवडत नाही, ब्रॉन. गॅरीला जागा आवडते.”

ब्रॉनला गुरुवारचा बाजार आठवला. ती जवळ गेली तशी थेल्मा बोलता बोलता थांबली होती. ‘नंतर सांगते,’ म्हणाली होती. आता त्या ‘नंतर’चा रंगच बदलला. एवढं हसून का म्हणाली? आणि आजच्याच दिवशी फोन बंद का?

“आपण पडलो तर आपली मतं तिच्या घरात,” डेस म्हणाला, “आणि तिच्या घरातून गॅरीच्या. इतकी वर्षं घासलीस ती कुणासाठी, ते तूच ठरव.”

“टिली तिच्याकडे आहे, डेस.”

दर रविवारी असायची. दोन वर्षांची टिली दुसऱ्या कुणाकडे घटकाभर राहत नसे. पोरगी शिंकली तरी ब्रॉनची झोप उडायची. पण त्या क्षणी तिला मुलीची काळजी शिवलीसुद्धा नाही. थेल्माकडे मुलगी सुखरूप असणार याची तिला खात्री होती. नंबराची नव्हती.

तिनं लॅपटॉपवरच्या यादीत थेल्माचं नाव दुसऱ्या जागेवरून उचललं आणि एकदम तळाला नेऊन ठेवलं. बटण दाबलं. डेसनं शेवटचं बिस्किट खाल्लं.

दुपारी ती टिलीला आणायला गेली. वाटभर तिनं चार कडक वाक्यं घोकून ठेवली होती. थेल्मा फाटकातच उभी होती, ओठांवर बोट ठेवून.

“श्श! दार आपटू नकोस, बाई. दाढा येतायत पोरीला, सकाळपासून छळलंय. आत्ता कुठं डोळा लागलाय.”

“तुझा फोन...”

“बंद केलाय. तो मेला गॅरी सारखा वाजवतोय, ‘नक्की ना, नक्की ना’ करत. तुला सांगणारच होते, पण म्हटलं आधी होऊ तर दे. पटवला बघ त्याला! तो पडला की त्याची मतं तुला. दोन केक खाऊ घालावे लागले हावऱ्याला.” ती आवाज न करता हसली. मग थांबली. “तोंड का असं? वेळेत दिलेस ना नंबर?”

“दिले,” ब्रॉन म्हणाली.

घोकलेल्या वाक्यांपैकी एकही तिच्या उपयोगाचं राहिलं नव्हतं. झोपलेली टिली खांद्यावर घेऊन ती निघाली. थेल्मानं बाटली धुऊन पिशवीत ठेवली होती.

सोमवारी सगळ्यांचे नंबर जाहीर झाले. थेल्माच्या यादीत तिच्या खालोखाल ब्रॉन होती. ब्रॉनच्या यादीत थेल्मा सगळ्यांच्या शेवटी.

मोजणीत आधी गॅरी पडला, मग थेल्मा. दोघांची मतं ब्रॉनकडे आली आणि ती वरच्या सभागृहात जाऊन बसली. डेस नाचला. अभिनंदनाचे फोन दिवसभर येत राहिले. थेल्माचा आला नाही. तिनं भांडणही केलं नाही. टिली आता पाळणाघरात जाते आणि रोज रडते. ब्रॉन अधूनमधून ओमिओच्या रस्त्यानं निघते, फाटक दिसलं की गाडी वळवते.

थेल्मा गुरुवारच्या बाजाराला येईनाशी झाली आहे. वय झालंय, घर एकाकी आहे, आणि थंडी सुरू झाली आहे. तुम्ही कुणी त्या बाजूला जाणार असाल तर तेवढं एकदा डोकावून या. खुराड्यात कोंबड्या आहेत का बघा, धुराड्यातून धूर निघतोय का बघा, आणि दार वाजवा. ओळख नसली तरी ती उघडेल. मागच्या नोव्हेंबरातल्या निवडणुकीपर्यंत तरी उघडायची.