अकरा छपरं

"वरून काढलेल्या फोटोत अकरा छपरं दिसली," मोजणीला आलेली मानसी म्हणाली. "छपरामागे पाच, म्हणजे पंचावन्न माणसं. नदीचं पाणी दोन राज्यांत माणसांच्या संख्येप्रमाणं वाटायचंय. माणसं कुठायत, बाबा?"

म्हातारा धाकलू छपरावर गवत बांधत होता. "गेली पोटामागं. आता वानरंच उरलीत, ती मोजायचीत का? दर उन्हाळ्यात अकराही छपरं मीच शाकारतो. छप्पर गळलं की मातीची भिंत बसते, पोरी. मग परतून येतील कुठं?"

ताज्या गवतानं सगळी घरं नांदती दिसत होती. चूल एकच पेटली होती, त्याची.

मानसीनं पंचावन्न खोडून एक लिहिला.

धाकलू शिडीवरून उतरला. "आता पाणी माझ्या एकट्यापुरतंच?"

तिनं वही मिटली.

त्याच्या हातात गवताची पेंढी तशीच राहिली. "मग परतून आली, तर पितील काय?"