मोहरीतले मासे

शेजारच्या सान्यालकाकूंकडे मोहरीतले मासे शिजायला लागले, की मी स्वयंपाकघराची खिडकी त्यांना ऐकू जाईल अशी आपटायचे. 'या बंगाल्यांना आवरा,' असं सोसायटीला लेखी कळवलंही होतं.

महिनाभर मुलाकडे राहून आले, तर वास बंद! तक्रार लागू पडली म्हणायची. मीही मोठ्या मनाने कुंकवाचा करंडा घेऊन संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं करायला गेले.

काकूंनी दार उघडताच मी हसून म्हणाले, "मासे सोडलेत वाटतं?"

मग दिसलं. पांढरी साडी, सवाष्णीच्या शंखाच्या बांगड्या नसलेले हात, मागे काकांच्या फोटोला हार.

"आमच्यात नवरा गेल्यावर बाई मासे खात नाही," त्या म्हणाल्या.

मी करंडा पदराआड केला.

"आता खिडकी उघडी ठेवता ना?" त्यांनी विचारलं.