न वाकलेली कडी

“वादळाच्या वेळी हे दार बंद होतं ना?” विमा कंपनीच्या सर्वेक्षकाने विचारले. काकांनी उत्तर देण्याआधी एकदा काकूंकडे पाहिले.

बाहेरच्या खोलीला छप्पर उरले नव्हते. पत्र्यांच्या जागी ताणलेली ताडपत्री एका कोपऱ्यात सुटून फडफडत होती. गिलावा ओल धरून फुगला होता आणि कपाटातली पुस्तके एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती. धड राहिले होते ते दार. अंगणाकडचे, जाड फळ्यांचे, लोखंडी कडीचे.

काकांनी सारी नोकरी छापखान्यात मुद्रिते तपासण्यात घालवली होती. विम्याची कलमे त्यांच्याइतक्या बारकाईने ती लिहिणाऱ्यानेही वाचली नसतील. किनाऱ्यावरची वादळे वाढली तसा हप्ता चढत गेला आणि हप्त्याबरोबर अपवादही वाढले. ‘छत्री महागही होतेय आणि लहानही,’ असे काकू म्हणत. सर्वांत नवा अपवाद काकांना तोंडपाठ होता: वादळाचा इशारा मिळाल्यानंतर घरमालकाने स्वतः उघडलेल्या दारातून वारा शिरून जे नुकसान होईल, ते भरून मिळणार नाही.

आणि दार काकांनीच उघडले होते, शेजारच्या शिंप्याच्या कुटुंबासाठी.

सकाळी काकूंनी हातोडी आणून त्यांच्यापुढे ठेवली होती. कडीवर एकच घाव घाला, वाऱ्याने मोडली म्हणून सांगता येईल, असे त्यांचे म्हणणे होते. काकांनी हातोडी परत नेऊन ठेवली. तोंडाने खोटे बोलेन, हाताने करणार नाही, असे ते म्हणाले. हा बारीक फरक काकूंना पटला नाही, पण चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी असे अनेक फरक सोसले होते. मग निदान शिंप्याच्या कानावर तरी घाला, त्यालाही कोणी विचारेल, असे त्यांनी सुचवले. तेव्हा मात्र काका उखडले. “ज्याला घरात घेतलं, त्याच्या दारात जाऊन त्याला उपकाराची आठवण करून देऊ? आपल्याला शोभतं का ते?”

तो विषय तिथेच मिटला होता.

“बंद होतं,” काका आता सर्वेक्षकाला म्हणाले. चूक दिसत असताना ती जाऊ देण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

सर्वेक्षकाने कडी वरखाली सरकवून पाहिली. ती कुठेही वाकली नव्हती. मग त्याची नजर फुटलेल्या खिडकीकडे गेली आणि त्याने स्वतःच तर्क करून अहवालात लिहिले: काच फुटली, वारा आत कोंडला, पत्रे आतून उचलले गेले. काकांनी मान डोलावली. काकूंनी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला.

तेवढ्यात शिंपी आला. त्याचे घर पार भुईसपाट झाले होते. बँकेने कर्ज देताना सक्ती केली म्हणून त्याचाही विमा याच कंपनीत होता, आणि इथले आटोपले की साहेब आपल्याकडे येणार, हे त्याला ठाऊक होते. काकांना पाहताच त्याने हात जोडले.

“साहेब, यांचं काम आधी करा,” तो सर्वेक्षकाला म्हणाला. “हा माणूस नसता तर आम्ही कोणीच उरलो नसतो. बायको, कडेवर पोरगी, वरून पत्रे उडतायत. दुसरीकडे कोणी ओ देईना. इथे मी नुसतं ‘काका, मी आहे’ म्हटलं, आणि कडी निघाली. दार उघडलं तसे डोक्यावरचे पत्रे गेले हो! पण हे आधी आम्हाला आत ढकलत होते.”

स्वयंपाकघरात कपबशीचा आवाज झाला आणि थांबला. सर्वेक्षकाने काकांकडे पाहिले. काकांनी त्या पुस्तकांच्या विटेकडे पाहिले.

सर्वेक्षक वाईट माणूस नव्हता. आधी लिहिलेल्या ओळीवर त्याने सावकाश काट मारली. “काका,” तो म्हणाला, “तुम्ही माणसं वाचवलीत. पण विमा घराचा आहे.”

शिंप्याला काही उमगले नाही. सर्वेक्षकाने त्याच्याकडे वळून विचारले, घर सोडताना दाराचे काय केले होते? कुलूप लावूनच निघालो, खिडक्याही लावल्या होत्या, असे त्याने अभिमानाने सांगितले. मग तुमचं होऊन जाईल, असे सर्वेक्षक म्हणाला. शिंप्याने वाकून काकांच्या पायांना हात लावला आणि सर्वेक्षकाला आपले घर दाखवायला घेऊन गेला. चहा कोणीच घेतला नाही.

दुपारी पुन्हा ढग भरून आले. ताडपत्रीचा दुसरा कोपराही सुटला. काकूंनी दार लोटले, कडी लावली आणि उघड्या आभाळाखाली खुर्ची ओढून बसल्या. काका समोरच्या खुर्चीवर बसले. पहिले थेंब त्यांच्या चष्म्यावर पडले.

दारावर थाप पडली.

“काका, मी आहे,” बाहेरून शिंपी म्हणाला. “दोरी आणलीय. पाऊस यायच्या आत ताडपत्री बांधून टाकू.”

कडी सरळ होती, एका बोटाने सरकली असती. काका उठले नाहीत.